कंदुरीचा बोकड

आईने नवस बोलला तेव्हा तो फेडताना कुणाचा जीव जाणार आहे हे तिलाही ठाऊक नव्हतं. बोकडाचा जाणार, एवढंच आम्ही धरून चाललो होतो.

सत्तरच्या दशकाच्या मधली ती वर्षं. आमचं गाव दिघोरीच्या अंगाला, घरची धानाची शेती. वडील मी लहान असतानाच गेले, त्यामुळे घरात राज्य आईचं. तिच्या हाताखाली मोठा भाऊ, म्हणजे दादा, त्याची बायको आणि मी. पलीकडच्या दोन खोल्यांत काका-काकू. मी तेव्हा एकवीस वर्षांची, मॅट्रिक झालेली, आणि तीन ठिकाणांहून नकार आलेली. जिभेला हाड नाही म्हणून गावात माझी ओळख होती, आणि खरं सांगायचं तर ती मला आवडायची.

त्या वर्षी धानाचा पुंजणा, म्हणजे कापलेल्या पेंढ्यांची गंजी, रचताना दादा वरून पडला. आठ हात उंचीवरून पाठीवर, आणि खाली गाडीचं जू ठेवलेलं. भंडाऱ्याच्या दवाखान्यात वीस दिवस राहिला, मग घरी आणला. कमरेखाली हालचाल नव्हती. पुढचे तीन महिने तो माजघरात बाजेवर पडून होता. पाठीला जखमा झाल्या, त्या चिघळल्या. घरात असा वास भरला की मी माझं ताट उचलून काकूकडे जेवायला जायची. वहिनी मात्र तिथून हलत नसे. ती चोविसेक वर्षांची असेल, लग्नाला तीन वर्षं झालेली. कडुनिंबाचा पाला उकळून त्या पाण्याने ती जखमा धुवायची, दिवसातून सात-आठदा त्याची कूस बदलायची, त्याच्या खालचं सगळं काढायची. आणि दादा कण्हायचा. सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकाच सुरात. मला तर शेवटी शेवटी त्याचा राग यायला लागला होता. आपल्या भावाच्या दुखण्याचा राग येतो हे मी तेव्हा कुणाला सांगितलं नाही, आता सांगते.

आईने नवस बोलला तो टेकडीवाल्या बाबांना. सानगडीच्या पलीकडे तलावाच्या काठी एक बोडकी टेकडी आहे, तिच्यावर एका अवलियाची मजार. हे बाबा कुठून आले, कधी आले, कुणाला पक्कं माहीत नव्हतं. आमच्या भागातली निम्मी घरं त्यांना मानायची. पोराला झटके येवोत, म्हैस आटो, विहिरीला पाणी न लागो, बायका टेकडीकडे तोंड करून पदर पसरत. गुरुवारी तिथे लोबानाचा धूर व्हायचा, मजारीची देखभाल करणारा मुजावर मोरपिसांच्या कुंच्याने माणसांच्या डोक्यावरून वारा घालायचा, आणि नवस फिटलेली माणसं हिरवी चादर किंवा मलिदा घेऊन यायची. मोठा नवस असेल तर कंदुरी. कंदुरी म्हणजे तिथे नेऊन बोकड द्यायचा, तिथेच शिजवायचा, आधी बाबांच्या नावाने वाटा काढायचा आणि मग सगळ्यांनी तिथेच बसून खायचा.

नवसानंतर महिन्याभरात दादाच्या पायाची बोटं हलली. होळीपर्यंत तो काठी धरून अंगणात आला. गावाने याचं श्रेय दोघांत वाटलं, अर्धं बाबांना आणि अर्धं वहिनीला. "सून भेटावी तं अशी," असं ज्या त्या ओट्यावर चालू झालं. आईला ते मिरचीसारखं झोंबायचं. "उठवला बाबानं. तिनं का केलं? फडकी धुतली," असं ती येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची. आणि मला काय झोंबत होतं? मला बघायला येणाऱ्यांना गावातली माणसं वहिनीच्या गोष्टी सांगत. मला बघायला आलेल्या एका बाईने तर तोंडावर म्हटलं, तुझी वहिनी आम्हाला आधी दिसली असती तर बरं झालं असतं. हसत म्हटलं, पण म्हटलं. मी वहिनीचा दुस्वास करत होते. दुसरा शब्द नाही त्याला.

चैत्रातला एक गुरुवार ठरला. काकांनी बाजारातून बोकड आणला, नखशिखांत काळा, पांढरा केस नसलेला. पण अंगावर खरजेचे दोन-तीन चट्टे होते आणि केस राठ, धुळकट. कळलं होतं की त्याच गुरुवारी मोहाडीकडचं एक बडं घराणंही कंदुरी करणार आहे. त्यांच्या बोकडाशेजारी आमचं हे ध्यान उभं राहणार. आईने आदल्या दिवशी त्याला हळद लावून धुतला होता. निघायच्या सकाळी मी वाटीभर जवसाचं तेल घेऊन गोठ्यात गेले आणि त्याच्या पाठीला, मानेला, डोक्याला, कानांमागे दोन्ही हातांनी चोळलं. चट्टे झाकले गेले. बोकड असा चमकायला लागला की काका म्हणाले, "अबे, हा तं नवरदेव झाला." मी कुणाला काही सांगितलं नाही. त्यात लपवण्यासारखं काही होतं असंही मला तेव्हा वाटलं नाही.

दोन छकडे करून आम्ही निघालो ते ऊन चढता चढता पोचलो. वाटेत मोहफुलांचा सडा पडला होता, आणि काका दोनदा छकड्यातून उतरून झाडांमागे गेले. ते फुलं वेचायला गेले नव्हते. वहिनी पुढच्या छकड्यात दादाच्या पाठीमागे तिची घडी केलेली गोधडी धरून बसली होती, गचका बसला की त्याला लागू नये म्हणून. पूर्ण वाटभर तिने ती धरली. मी मागच्या छकड्यातून बघत होते.

टेकडीवर चढायला तीसेक पायऱ्या, वर चुन्याने पांढरी केलेली मजार, समोर फरशीचं अंगण आणि कडेला एक जुनी चिंच. चिंचेच्या फांद्यांना लाल-हिरवे दोरे. मोहाडीकडच्या लोकांचा बोकड आमच्याआधीच कापून झाला होता, त्यांच्या बायका चुलींभोवती बसल्या होत्या. दादाला काकांनी पाठुंगळी घेऊन वर आणलं आणि चिंचेखाली बाजेवर बसवलं.

आता एक रीत सांगायला हवी, कारण सगळं तिच्यावर फिरलं. बोकडाला मजारीसमोर उभा करायचा, लोबान दाखवायचा, आणि डोक्यावर-पाठीवर तांब्याने पाणी घालायचं. बोकडाने अंग झाडलं, म्हणजे थरथरून पाणी उडवलं, की बाबांनी नवस कबूल केला. झाडलं नाही तर केला नाही. ही रीत आमची. आम्ही गावच्या मातेसमोर जे करायचो तेच उचलून टेकडीवर नेलं होतं. मुजावराला तिच्याशी देणंघेणं नव्हतं. तो साठीचा, दोन दात पडलेला, शांत माणूस होता. लोकांना हवं म्हणून तो पाणी पडेपर्यंत आणि झाडेपर्यंत सुरी घेऊन बाजूला थांबायचा, एवढंच.

आईने पहिला तांब्या ओतला. बोकड उभाच. कान हलवला, मान खाली घातली आणि फरशीवर पडलेला झेंडू खाल्ला. दुसरा तांब्या. काही नाही. तिसरा. बोकड लेंड्या टाकून मोकळा झाला. मोहाडीच्या बायकांमधून कुणीतरी फिसकन हसलं आणि आईचा चेहरा बदलला.

"कोणीतरी चुकलं हाय," ती म्हणाली. "कोणाच्या तरी पोटात पाप हाय. बाबा घेऊन नाही राहिले."

मुजावर म्हणाला, "अरे माँ, जानवर है. धूप में खड़ा है. ज़रा ठहरो."

"तुमी नोका बोलू," आई त्याच्याच दारात त्याला म्हणाली.

मग सुरू झाला कबुलीजबाब. आधी काका पुढे झाले. त्यांच्या तोंडाला वास येतच होता, लपवून काय करणार? "सकाळी थोडीशी घेतली बाबा, माफी द्या," म्हणून त्यांनी फरशीला नाक घासलं. सगळे हसले. आईसुद्धा हसली. पुन्हा पाणी, बोकड ढिम्म. मग काकूने कान धरले, मलिदा कुस्करताना गुळाचा खडा तोंडात टाकला होता म्हणून. पुन्हा हसू, पुन्हा पाणी. बोकडाने आता डोळे मिटून घेतले होते. एक तास गेला. फरशी पाय भाजण्याइतकी तापली होती आणि चुलीवर आधण वाट बघत होतं.

त्या वेळी मी बोकडाच्या अगदी जवळ उभी होते, त्याची दोरी माझ्या हातात होती. आणि मला दिसलं. आईने ओतलेलं पाणी त्याच्या पाठीवर थांबतच नव्हतं. तलावातल्या कमळाच्या पानावर थेंब जसे घरंगळतात तसं ते तेलावरून घरंगळून खाली जात होतं. कातडीपर्यंत पोचतच नव्हतं, मग जनावर झाडणार कशाला?

मला लगेच सांगता आलं असतं. "आई, मी तेल लावलं," एवढे चार शब्द. आईने एक थप्पड मारली असती, मोहाडीच्या बायका पोटभर हसल्या असत्या, कुणीतरी राखेने बोकड पुसून काढला असता, आणि दोन वाजता आम्ही जेवायला बसलो असतो. मी तोंड उघडलंही होतं. पण तेवढ्यात आई वळली आणि तिची नजर माझ्यावरून जाऊन वहिनीवर थांबली.

"आता कोण राहिलं?" आई म्हणाली.

मी तोंड मिटलं. भीतीने मिटलं असं मी कितीतरी वर्षं स्वतःला सांगत आले. पहिला क्षणभर भीती असेल. त्यानंतर जे होतं ते सुख होतं. सगळं गाव जिला डोक्यावर घेऊन नाचत होतं ती आता उन्हात उभी राहणार होती आणि मी नुसती दोरी धरून बघायचं होतं.

वहिनी म्हणाली, "माह्याकडून काही नाही झालं, आत्याबाई. मी उपाशीच आली."

"उपास-तापास नोको सांगू. कायले घेऊन नाही राहिले मंग बाबा? तो डागदरचा माणूस पट्ट्या बांधाले यायचा, त्याच्यासंगं हासत नोव्हती?"

"त्यायची पट्टी कशी बांधायची ते विचारत होती."

"हासत विचारत होती."

मोहाडीच्या बायका चुली सोडून जवळ आल्या. एकीने कडेवरचं मूल दुसऱ्या कडेवर घेतलं, नीट दिसावं म्हणून. काकू मान खाली घालून मलिद्यावरच्या माशा वारत राहिली. दादा दहा हातांवर चिंचेखाली बसला होता आणि काठीने मातीत रेघा ओढत होता. मुजावर परत म्हणाला, "बाबा किसी का गुनाह नहीं पूछते, माँ. ये तुम पूछ रही हो." त्याच्याकडे कुणी लक्ष दिलं नाही. आईने वहिनीला मजारीच्या उंबऱ्याशी गुडघ्यांवर बसवलं. अनवाणी, त्या तापलेल्या फरशीवर. ती एक गुडघा उचलून दुसऱ्यावर भार द्यायची आणि मग तो उचलायची. अर्धा तास ती तशी बसली असेल आणि "काही नाही केलं" यापलीकडे बोलली नाही. तिथेच ते संपलं असतं. आई थकली होती, काका भुकेने वैतागले होते.

मग मी काडी टाकली.

"वहिनी," मी म्हटलं, "एक दिवस दुपारी तू मागच्या दारात टेकडीकडे तोंड करून बसली होती. काहीतरी मागत होती. ते सांग ना."

तिने मान वर करून माझ्याकडे पाहिलं. ती काय म्हणाली होती हे मी त्या दुपारी दाराआडून नीट ऐकलं होतं. दादाचं कण्हणं त्या दिवशी टिपेला पोचलं होतं, जखमेत अळ्या सापडल्या होत्या, त्या तिने चिमटीने एक एक काढल्या होत्या, आणि मग हात धुऊन ती मागच्या दारात जाऊन बसली होती. ती जे म्हणाली तेच मी त्या तीन महिन्यांत स्वतः चारदा म्हटलं होतं. काकू म्हणाली होती. आईलाही एकदा देव्हाऱ्यापुढे पुटपुटताना मी ऐकलं होतं. म्हणून तर मला पक्कं माहीत होतं की काय मागितलं ते.

"का मागत होती?" आईने विचारलं. "बोल."

वहिनीला खोटं बोलता येत नव्हतं, निदान त्या उंबऱ्याशी तरी नाही. तिने डोकं फरशीला टेकलं आणि म्हणाली, "बाबा, मी म्हटलं होतं, त्यायले सोडवा. त्यायचं कण्हणं माह्याच्यानं ऐकवत नोव्हतं. मी म्हटलं, होत नसन तं सोडवा त्यायले. एकदाच म्हटलं."

नेमकं त्याच वेळी मुजावराने, हा सगळा प्रकार असह्य होऊन, माझ्या हातातली दोरी ओढली, बोकडाचा कान पकडला आणि तांब्यातलं उरलेलं सगळं पाणी सरळ त्याच्या कानात ओतलं. बोकडाने नाकापासून शेपटीपर्यंत अंग झाडलं. तेलकट पाण्याचे शिंतोडे माझ्या तोंडावर उडाले.

"कबूल! कबूल झालं!" काका ओरडले. बायकांनी हात जोडले. मोहाडीची ती मूल कडेवर घेतलेली म्हणाली, "पाह्य ना माय, नवऱ्याचं मरण मागतलं होतं!" आणि आईने वहिनीकडे असं पाहिलं की तीन महिन्यांचा सगळा हिशेब चुकता झाला. तिच्या मुलाला बाबांनी उठवलं होतं, आणि या बाईने त्याला मारायला पाहिलं होतं. खुद्द बाबांनीच ते सांगितलं होतं. आता गावात कुणाची काय बिशाद होती उलट बोलण्याची.

सगळे दादाकडे बघायला लागले. दादाच्या पाठीवरचं नवं कातडं गुलाबी होतं आणि ते तिने आणलं होतं, हे त्या अंगणात त्याच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. त्याने बोकडाकडे पाहिलं. मग म्हणाला, "चला, कापा आता. भूक लागली."

मुजावराने पश्चिमेकडे तोंड करून, हळू आवाजात बिस्मिल्ला म्हणून बोकड कापला. स्वयंपाकात वहिनीचा हात लागू द्यायचा नाही असं आईने सांगितलं, म्हणून मसाला मी वाटला. बाबांच्या नावाचा वाटा निघाला, पंगत बसली. मटण छान झालं होतं. मी दोनदा वाढून घेतलं. वहिनी पायऱ्यांच्या तोंडाशी एकटी बसली होती, मुजावराच्या म्हाताऱ्या बायकोने तिच्यापुढे पानात मलिदा ठेवला, तो तसाच राहिला.

जेवणं झाल्यावर आई तिच्यापाशी गेली. "तुह्या बापाचं गाव इथून तीन कोस. दिवस हाय अजून. जाय."

"आत्याबाई, मले घरी नेऊन मारा," वहिनी म्हणाली. "इथं नोका सोडू. मी बापाले का सांगू?"

"जे बाबाले सांगतलं ते सांग."

ती उठून दादाकडे गेली. काका त्याला पाठुंगळी घेऊन पायऱ्या उतरत होते. ती मागोमाग उतरली, हात पुढे करून, तो पडला तर धरता यावं म्हणून, जशी ती महिनाभर घरात त्याच्यामागे चालत होती. खाली छकड्यात त्याला बसवलं. तिने गोधडी त्याच्या पाठीमागे नीट लावली. दादाने पुढे बघत ती लावून घेतली. ती चढायला गेली तेव्हा आईने आडवा हात धरला आणि मला म्हणाली, "तू बस इथं."

मी बसले. छकडा निघाला. मागच्या छकड्यातून आले होते तेव्हा काकूची भांडी माझ्या पायांत होती, गुडघे आखडले होते. इथे ऐसपैस जागा होती, मी पाय पसरले. वळणापर्यंत वहिनी रस्त्यात उभी दिसत होती. रडत नव्हती. बैलांच्या पायांची धूळ तिच्या अंगावर जात होती आणि ती बाजूला होत नव्हती.

घरी आल्यावर तिसऱ्या दिवशी मी गोठ्यातल्या शेळीला तेल चोळलं आणि पाणी ओतलं. तीन तांबे. शेळी उभीच राहिली. मग दुसरी, कोरडी शेळी घेतली. तिने पहिल्याच तांब्याला अंग झाडलं. मला खात्री करून घ्यायची होती, ती झाली, आणि मी हात धुऊन घरात आले.

वहिनीचा बाप दोनदा आला. दोन्ही वेळा आईने त्याला अंगणातूनच परत पाठवलं. दुसऱ्या वेळी त्याने पागोटं काढून दादाच्या पायांवर ठेवलं, दादाने पाय मागे घेतले. पंचांनी सोडचिठ्ठी करून दिली. बाबांनी कौल दिला होता, पंच काय वेगळं बोलणार? वर्षभरात दादाचं दुसरं लग्न झालं आणि त्याच मांडवात माझंही उरकलं. मला भंडाऱ्याचं स्थळ मिळालं, नवरा कचेरीत कारकून, बरा माणूस.

आठ-नऊ वर्षं गेली. मग आई पडली. पोटात गाठ होती आणि उशीर झाला होता. मी महिनाभर माहेरी जाऊन राहिले. आई कण्हायची, पूर्वी दादा कण्हायचा तशी, त्याच माजघरात. नव्या वहिनीला दोन लहान मुलं होती, तिला जमायचं तेवढं ती करायची. एका सकाळी आईला पाणीही जाईना. दादा तिच्या उशाशी बसला होता. त्याने हात जोडले आणि सगळ्यांच्या देखत, मोठ्याने म्हणाला, "बाबा, सोडवा आता हिले. पाहवत नाही."

काकू म्हणाली, "खरंच गा, सुटली पाहिजे." काकांनी डोळे पुसले. शेजारच्या दोन बाया होत्या, त्यांनीही माना डोलावल्या. मी दादाच्या तोंडाकडे बघत राहिले. त्याच्या चेहऱ्यावर काही उमटलं नाही. हा शब्द आधी कुणी बोलला होता हे त्याला आठवलंसुद्धा नाही. जो शब्द बोलल्याबद्दल एका बाईचा संसार रस्त्यावर सोडून दिला, तोच शब्द आता मुलाच्या मायेचा म्हणून घरभर फिरत होता. मला इतका संताप आला की मी उठून विहिरीवर गेले. दादाचा नव्हता तो सगळा. बराचसा माझाच होता. त्याच दुपारी आई गेली.

तेरावं झालं आणि भंडाऱ्याला परतायच्या ऐवजी मी एस.टी.ने सानगडीला उतरले. गुरुवार होता. टेकडीवर फारसं बदललं नव्हतं. जुना मुजावर जाऊन त्याचा मुलगा बसत होता. पायऱ्यांवर एक बाई झाडू मारत होती. मी ओळखायच्या आधी तिने मला ओळखलं.

"बाई, तुमी?" ती म्हणाली. लहान नणंदेला हाक मारायची तशीच.

पस्तिशीच्या आतलीच असेल, पण दात गेले होते. बाप वारला होता. भावाच्या घरी ओसरीवर राहायची, विड्या वळायची. बोटांची टोकं तेंदूपत्त्याने आणि तंबाखूने काळी पडली होती. दर गुरुवारी येऊन पायऱ्या झाडायची. मी विचारलं, इथेच कशाला येतेस? ती म्हणाली, "माह्यावर बोलणं लागलं ते इथं. दुसरीकडं कुठं जाऊ?"

आई गेल्याचं सांगितल्यावर तिने डोक्यावर पदर घेतला आणि हात जोडले. मनापासून जोडले, ते मला बघवलं नाही. मग मी तिच्या शेजारी पायरीवर बसले आणि सगळं सांगून टाकलं. जवसाचं तेल, घरंगळणारं पाणी, मुजावराने कानात ओतलेला तांब्या, घरी दोन शेळ्यांवर करून बघितलेलं. दाराआडून ऐकलेलं, आणि मीही तेच मागितलं होतं ते. दादा त्या सकाळी आईबद्दल काय म्हणाला तेही. सांगताना मी रडले. मला वाटत होतं, ती रडेल, शिव्या देईल, झाडू उगारेल. त्यातलं काहीही चाललं असतं. मी त्याच्यासाठीच तर आले होते.

तिने झाडूच्या काड्या सारख्या केल्या, पायरीवर आपटून घेतल्या.

"घरी सांगतलं का हे?" तिने विचारलं.

"नाही. आई तर गेली."

"ते हायेत ना?"

"हो. दादा आहे."

"मंग मले कायले सांगता, बाई?" ती म्हणाली. आवाज चढला नव्हता. "माह्याच्यानं काही झालं नाही हे मले मालूमच होतं. ज्यायले मालूम नाही त्यायले जाऊन सांगा."

मी म्हटलं, सांगते. बाबांच्या मजारीकडे हात करून म्हटलं. ती मान हलवून खालच्या पायरीवर गेली आणि झाडायला लागली. मी उठून दुसऱ्या बाजूने उतरले, कारण माझ्यापुढच्या पायऱ्या ती झाडत होती.

पाच-सहा वर्षांनी ती वारल्याचं कानावर आलं. दादा आहे. काठीशिवाय चालतो, नातवंडांना खांद्यावर घेतो. दर भाऊबीजेला मी जाते, त्याला ओवाळते, तो ताटात साडी ठेवतो. मी अजून सांगितलेलं नाही.